लाल बावटा आणि मागावरची जागा

साम्यवादाचा आदर्श आणि साम्यवाद्यांचा व्यवहार यांत अंतर आहे, हे आपल्या चळवळीत आता कुणाला पटवून द्यावे लागत नाही. वाद आहे तो या अंतराच्या कारणाविषयी. त्यावर दोन तयार उत्तरे आपल्याकडे वर्षानुवर्षे फिरत आहेत. एक उत्तर म्हणते, तत्त्व निर्दोष आहे. ते राबवणारे पुढारी उच्चवर्णीय होते म्हणून घोटाळा झाला. दुसरे म्हणते, तत्त्वच परके आहे. त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पहिल्या उत्तरात तत्त्वाची तपासणी टळते. दुसऱ्या उत्तरात कामगारांच्या प्रश्नातून आपली सुटका होते. या दोन्ही सवलती नाकारून या प्रश्नाकडे पाहता येते का, हा या लेखाचा हेतू आहे.

मी मराठी शिकवतो. माझ्या वर्गातली बरीच मुले रात्री अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमध्ये पाळी करतात आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी तासाला बसतात. दोन वर्षांपूर्वी मी नारायण सुर्वे शिकवत होतो. कामगाराची जाणीव, श्रमाची प्रतिष्ठा, वर्गसंघर्ष असे सगळे ठरावीक मुद्दे झाले. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, ह्यातला कामगार कुठल्या खात्यातला?" वर्ग हसला. मला हसू आले नाही, कारण हा प्रश्न मी माझ्या घरात ऐकलेला होता.

माझे आजोबा गिरणीत सूतखात्यात होते. विणकाम खात्यात त्यांनी आयुष्यभर पाऊल टाकले नाही. नव्वदच्या दशकापर्यंत सोलापूरच्या मोठ्या गिरण्यांची रया गेली आणि वडील अक्कलकोट रोडला एका यंत्रमागाच्या शेडमध्ये लागले. टॉवेल आणि जेकार्ड चादरींचे काम. वडील सुताची पोती उतरवायचे, तयार मालाचे गठ्ठे बांधायचे, ते पाठीवरून टेम्पोत चढवायचे, शेडमधले तूस झाडायचे. एवढे सगळे करणाऱ्याला 'हेल्पर' म्हणतात. मागावर बसणाऱ्याला नगावर मजुरी मिळते, हात चालेल तशी ती वाढते. हेल्परचा हात कितीही चालला तरी हजेरी तेवढीच.

शेडमध्ये कोणीही वडिलांना शिवू नका म्हणाले नाही. आजच्या जातिव्यवस्थेची रीत तशी नाही. मागावर आपल्या भाच्याला घेऊन येणारा विणकर त्याला महिनाभर शेजारी उभा करतो, गाठ मारायला शिकवतो, मग जॉबरला सांगून एक माग त्याच्या हाती देतो. जॉबरही त्याच नात्यागोत्यातला. माग शिकायची दुसरी शाळा तिथे नाही. हा विणकर काही श्रीमंत नव्हे. तेलंगणातून पोट भरायला आलेल्या माणसांची ही तिसरी-चौथी पिढी, उचलीत बुडालेली, धुळीने छाती भरलेली. त्याच्या हाती एकच मालमत्ता आहे, ती म्हणजे कसब. आणि ते तो आपल्या घरात ठेवतो. त्याच्यावर मी राग धरावा असे मला वाटत नाही. पण ज्याच्या भावकीत कुणी मागावर नाही, त्याचा मुलगा मागावर कसा जाणार?

वडील युनियनचे सभासद होते. लाल बावट्याच्या त्या युनियनचे नाव मी इथे घेत नाही. एका नावाचा हा दोष असता तर लेख लिहायचे कारणच नव्हते. युनियनच्या कार्यालयात वडिलांना 'कॉम्रेड' म्हणत. गावात ज्या माणसाला म्हाताऱ्या कोताऱ्यांपासून शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांनी अरे-तुरे केले, त्याला 'कॉम्रेड, बसा' म्हणणारी ती पहिली जागा. साम्यवादाचा आदर्श आमच्या घरात पुस्तकातून आला नाही, त्या खुर्चीतून आला, आणि त्याचे ऋण मी नाकारत नाही.

मी दहावीत असताना एका सभेत वडील उठून म्हणाले, हेल्परच्या पोरांना माग शिकवायची अट मालकापुढे मागणीपत्रात घाला. पुढाऱ्यांनी शांतपणे उत्तर दिले, "कॉम्रेड, तुमचं म्हणणं रास्त आहे. पण हा प्रश्न आत्ता काढला तर एकजूट फुटेल. आधी मजुरीवाढ पदरात पडू द्या." मजुरीवाढ काही महिन्यांनी पडली, थोडी हेल्परलाही मिळाली. ती मागणी मात्र पुन्हा कुणी काढली नाही. घरी आल्यावर वडील आईला म्हणाले, "झेंडा आपलाच हाय. पर गठ्ठा बी आपलाच हाय."

त्या पुढाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. ते स्वतः दोन खोल्यांत राहत, सायकलवर फिरत. अशा प्रामाणिक माणसाच्या तोंडी हे उत्तर कुठून आले, हे शोधायचे तर १९२८ सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी मुंबईत गिरणी कामगारांचा प्रचंड संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर होते आणि त्यातूनच गिरणी कामगार युनियन (लाल बावटा) उभी राहिली. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. जास्त मजुरीचे खाते म्हणून विणकाम खाते ओळखले जाई, आणि तेच बंद होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितले, की हे खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी तुमच्या मागण्यांत नसेल तर आमचा कामगार संपात राहणार नाही. मोठ्या नाखुशीने ती मागणी यादीत आली. मालकांना उत्तर देणे सोपे गेले: अडवणूक आमची नाही, तुमच्याच कामगारांची आहे. दुर्दैवाने ते खरेही होते.

माझ्या वडिलांच्या शेडमध्ये धागा तोंडाने कोणी ओढत नव्हते. विटाळाचे निमित्त गेले, तरी जागांची वाटणी बऱ्याच अंशी तशीच राहिली. १९२८ मध्ये नाखुशीने लिहिलेली मागणी पाऊणशे वर्षांनी सोलापुरात पुन्हा 'आत्ता नको' म्हणून बाजूला ठेवली गेली.

इथे माझे म्हणणे मांडतो. आदर्श उंच होता आणि व्यवहार त्याच्या खाली पडला, असे आपण समजतो. मला वाटते, तो आदर्श ज्या रीतीने आपल्याकडे मांडला गेला, त्या मांडणीतच एक जागा रिकामी होती. 'कामगार' हा शब्द एकवचनी धरला गेला. मालक आणि कामगार यांच्यातली रेघ ठळक काढली. कामगारांच्या आत जी उतरंड आहे ती वरच्या इमल्याची गोष्ट, पाया बदलला की आपोआप कोसळेल, असे मानले. ज्याचा प्रश्न पायात नाही तो प्रश्न मागणीपत्रात येत नाही. आणि आलाच तर 'एकजूट फोडणारा' ठरतो. म्हणजे व्यवहाराने आदर्शाशी बेइमानी केली नाही. रिकामी जागा त्याने इमानाने तशीच ठेवली. 'जातिभेद निर्मूलन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांचा समाजवाद्यांशी मुख्य वाद हाच आहे. जात नुसती कामे वाटत नाही, ती काम करणाऱ्यांनाच एकमेकांवर रचून ठेवते. तेव्हा ही रचना न मोडता क्रांतीसाठी हे लोक एकत्र येतील कसे? या प्रश्नाला सरळ उत्तर देण्याऐवजी प्रश्न विचारणाऱ्यालाच फुटीर म्हणण्याची वहिवाट पडली.

याचा अर्थ बाबासाहेबांनी कामगारांची आघाडी सोडली असा नाही. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या बरोबरीने मुंबईत एक दिवसाचा संप केला. त्यांनी एकजूट नाकारली नव्हती, त्यांनी एकजुटीची किंमत ठरवली होती.

आता साहित्याकडे वळू, कारण ही रिकामी जागा तिथे अधिक स्पष्ट दिसते. सुर्व्यांच्या 'माझे विद्यापीठ' (१९६६) मधला कामगार जातीशिवाय उभा राहतो, तो खोटा नाही. सुर्वे हे रस्त्यावर सापडलेले मूल. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्यांना वाढवले. जन्माची जात ठाऊक नसणे हे त्यांच्या आयुष्याचे वास्तव होते आणि त्यातून आलेली माणूसपणाची जाणीव अस्सल आहे. चूक झाली ती समीक्षेची. एका कवीच्या आयुष्याचे सत्य तिने सगळ्या कामगारवर्गाचे सत्य म्हणून आम्हाला शिकवले, आणि मीही ते तसेच शिकवत आलो. त्याच्या शेजारी बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) ठेवून पाहावे. रेल्वेत नोकरीला लागलेला दलित तरुण परमुलखात डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात लपवतो. जोवर ती लपलेली आहे तोवर तो इतरांसारखा कामगार. उघडी पडली की ज्यांच्यात तो वावरला त्यांच्याकडूनच मार खातो. कामगार हे नाव त्याला जात लपवून मिळते, हे त्या कथेचे निदान आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर सुर्व्यांत नव्हते, बागुलांत होते. दोघांना एकत्र शिकवल्याशिवाय ते देता येत नाही, हे मला उशिरा कळले.

आणि अण्णाभाऊ साठे? मांग समाजात जन्मलेला हा माणूस पक्षाचा कलावंत. अमर शेख आणि गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक त्यांनी उभे केले. त्यांतले अमर शेख तर आपल्या बार्शीचे. १९५८ मध्ये मुंबईच्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन अण्णाभाऊंनी केले, १९५९ ची 'फकिरा' कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, १९६१ मध्ये ते रशिया पाहून आले आणि प्रवासवर्णन लिहिले. तांबडा आणि निळा हे दोन रंग त्यांच्या एका लेखणीत भांडले नाहीत. पक्षाला सिद्धांतात जे जमत नव्हते ते अण्णाभाऊंनी गोष्टीत करून ठेवले होते. १९६९ मध्ये ते दारिद्र्यात गेले. त्याआधीच, १९२७ च्या महाडच्या तयारीत पुढे असलेले आणि नंतर कम्युनिस्ट पक्षात आयुष्य घातलेले रा. बा. मोरे पक्षाच्या आत हा प्रश्न लेखी मांडत होते. १९७८ मध्ये शरद पाटील याच प्रश्नावर मार्क्सवादी पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. म्हणजे प्रश्न कुणी सांगितलाच नाही, अशी सबब पक्षाला नाही.

सत्ता हाती आल्यावर काय झाले, तेही पाहिले पाहिजे. केरळात १९५७ मध्ये कम्युनिस्ट मंत्रिमंडळ आले आणि पुढे सत्तरच्या दशकात देशातल्या सर्वांत मूलगामी जमीन सुधारणा तिथे झाल्या. जमीनदारी मोडली, हे मोठेच काम. पण जमीन मिळाली ती कुळांना. पुलया, परया हे बहुसंख्येने शेतमजूर, कूळ म्हणून त्यांची नोंदच नव्हती. त्यांना मिळाली झोपडीखालची जागा, खेड्यात जास्तीत जास्त दहा सेंट, आपल्या हिशेबाने चार गुंठे. 'कसेल त्याची जमीन' या घोषणेत 'कसणारा' कोण, हे आधी ठरले होते. प्रत्यक्ष चिखलात उभा राहणारा त्यात बसत नव्हता. आमच्या शेडमधल्या हेल्परसारखाच तो मोजणीबाहेर राहिला.

बंगालची गोष्ट याहून कठोर. दंडकारण्यातल्या छावण्यांतून निघालेले निर्वासित, बहुतांश नामशूद्र, १९७८ मध्ये सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर येऊन राहिले. नव्याने सत्तेवर आलेल्या डाव्या आघाडीच्या सरकारने जानेवारी १९७९ मध्ये बेटाची नाकेबंदी केली, मे महिन्यात पोलिसांकरवी वस्ती उठवली. किती माणसे मेली, याचे आकडे आजही वादात आहेत. ज्यांच्या नावाने राज्य आले त्यांच्यावरच राज्य चालून जाते, हा धोका बाबासाहेबांनी २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना सांगितला होता. सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरून तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. दुःख नाहीसे करण्याच्या ध्येयात त्यांना दोघांचे वैर दिसले नाही. वैर दिसले ते साधनात. बळजोरी आणि हुकूमशाही यांनी आणलेली समता ते बळ ओसरल्यावर टिकेल काय? १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

इतके सांगून लेख संपवला तर आपल्या वाचकांना बरे वाटेल, पण ते अर्धेच सत्य होईल. अक्कलकोट रोडनेच पुढे गेले की कुंभारी लागते. तिथे विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत लाल बावट्याच्या चिवट लढ्यातून उभी राहिली. त्याच परिसरात रे नगर हा तीस हजार घरांचा प्रकल्प आला. १९ जानेवारी २०२४ रोजी त्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा पंतप्रधानांच्या हस्ते दिला गेला. विड्या वळणाऱ्या, माग चालवणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या माणसांच्या नावावर ही घरे आहेत. तीनदा आमदार झालेले नरसय्या आडम हे या लढ्याचे नेते. २०१९ मध्ये याच प्रकल्पाच्या पायाभरणी समारंभात पंतप्रधानांची स्तुती केली म्हणून पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केले. व्यासपीठावरचे एक वाक्य शिस्तीला इतक्या लवकर ऐकू येते. हेल्परची मागणी तिला का ऐकू येऊ नये? ते काहीही असो, आमच्या गल्लीतल्या विडीवालीला तिथे भिंती मिळाल्या. तिच्यापुढे मी साम्यवाद अयशस्वी झाला असे म्हटले, तर ती मला खुळ्यात काढील.

विडी कामगारांच्या वसाहतीला नाव आहे गोदूताई परुळेकरांचे. या नावातच मला पुढची वाट दिसते. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांत त्या गेल्या तेव्हा त्यांनी शहरी कामगारांची मागणीयादी तिथे वाचून दाखवली नाही. वेठ काय असते, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघे जन्मभर सावकाराचे 'लग्नगडी' कसे होतात, हे त्यांनी वारल्यांकडून ऐकले, आणि तीच पहिली मागणी झाली. वेठ मोडली. 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) हे पुस्तक मी साम्यवादाच्या यशाचा दस्तऐवज म्हणून वाचतो. ऐकण्याची ती रीत तलासरी-डहाणूच्या जंगलात सापडली. तिचे नाव कुंभारीच्या पाटीपर्यंत आले, पण ती रीत आमच्या शेडपर्यंत आली नाही.

आता आपल्या घराचा झाडा घेऊ. कम्युनिस्टांना जात दिसली नाही, हे खरे. आपल्याला पोट किती काळ दिसले? दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले, १९६४-६५ मध्ये लाखोंनी तुरुंग भरले. त्याच दादासाहेबांना कम्युनिस्टांच्या दावणीला बांधलेले ठरवून आपण १९५९ मध्येच रिपब्लिकन पक्ष फोडला होता. १९७२ मध्ये पँथर उठली. १९७४ मध्ये ती फुटली, त्या भांडणातही मार्क्सवादी कोण आणि बौद्ध कोण हा वाद होता. 'कम्युनिस्ट' ही आपल्याकडे शिवी झाली, जशी 'जातीयवादी' ही त्यांच्याकडे. दोन शिव्यांच्या मध्ये हेल्पर गठ्ठा घेऊन उभाच राहिला. आणि मी? माझ्या वर्गातला केर काढणारी बाई ठेकेदाराची. तिला हजेरी किती मिळते, हे मी हा लेख लिहायला बसेपर्यंत कधी विचारले नव्हते. हेल्परच्या पोराला खुर्ची मिळाली की तोही जागा रिकामी ठेवायला शिकतो.

काळही बदलला आहे. अक्कलकोट रोडचा मालक मोठ्या गिरणीच्या शेटजीसारखा दूर बंगल्यात राहतोच असे नाही. १८ मे २०२५ रोजी पहाटे याच वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ जण गेले. त्यांत मालक होते, त्यांच्या घरचे होते, कामगारही होते. ज्या छपराखाली माग चालत होते त्याच छपराखाली सगळे झोपले होते. मालक आणि मजूर यांच्या जुन्या चित्रात ही शेड नीट बसत नाही. पक्षांतही उशिराने का होईना हालचाल आहे. २०१९ मध्ये डी. राजा भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या मार्क्सवादी पक्षाच्या पॉलिट ब्यूरोत पहिला दलित सदस्य २०२२ मध्ये आला. अठ्ठावन्न वर्षे! हा आकडा टीका म्हणून वाचावा की सुरुवात म्हणून, हे त्या पक्षाच्या पुढच्या वागण्यावर ठरेल.

तोवर आपण काय करायचे? माझ्या विद्यार्थ्यांना मी झेंडा सोडा असे सांगत नाही, धरा असेही सांगत नाही. युनियनच्या सभेला जा आणि तीन गोष्टी विचारा, एवढे सांगतो. शेडमध्ये कुठल्या कामावर कोण आहे, याची यादी करता का? खालच्या कामावरच्याला वरचे काम शिकवण्याची मागणी पहिल्या पानावर घालता का? आणि ही मागणी आली की एकजूट फुटते, असे म्हणणाऱ्याला सभेत उत्तर देता का? हेच प्रश्न निळ्या झेंड्याखालच्या सभेतही विचारा, आणि सवड मिळाली तर आपल्या महाविद्यालयातही.

वडील आता कामावर जात नाहीत. पाठीचे मणके झिजले आहेत. एक मेला मात्र ते अजून जातात, इस्त्रीचा सदरा घालून. चौदा एप्रिललाही तोच सदरा असतो. मागच्या एक मेला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. सभा संपल्यावर एक तरुण कार्यकर्ता आला आणि म्हणाला, "कॉम्रेड, पाणी घ्या." वडिलांनी पाणी घेतले आणि त्याला विचारले, "तुमच्या शेडात हेल्पर किती हायत, बाळा?" तो गोंधळला. "मोजले नाहीत," म्हणाला. वडील म्हणाले, "मोज की मग. पुढल्या बारीला सांग मला."